खाऱ्या हातांचा माणूस

पेणच्या रामवाडीत, हायवेचा आवाज आता कुणाला ऐकूही येत नाही इतका सवयीचा झालाय, तिथं टिपणीस मास्तरांचं घर आहे. त्या घरात एक नियम होता. बंदुकीच्या लोखंडाला उघडा हात लावायचा नाही. पाहुण्यानं नाही, पोरानं नाही, आणि खुद्द मास्तरांनी तर नाहीच नाही.

कारण मास्तरांचे हात खारे होते.

थट्टा नव्हे ही. बाळ टिपणीसांच्या तळहातांना असा काही घाम यायचा, की त्यांनी धरलेलं लोखंड चार दिवसांत तांबूस पडायचं. स्कूटरची किल्ली, कपाटाची कडी, कंपासपेटीतलं कर्कटक, काही सुटायचं नाही. रोह्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. तिथला शिपाई प्रयोगशाळेत त्यांच्या हातातून चिमटा काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "सर, धरायचं काम माझं. तुम्ही नुसतं सांगा." लग्न होऊन महिना झाला नाही तोच पद्मजाची नवी कात्री ठिपक्याठिपक्यांनी लाल झाली. तिनं ती माहेरी नेऊन दाखवली, तर आई म्हणाली, "अगो, जावई केलाय की मिठागर?"

असा माणूस, आणि त्याला नाद कसला, तर लष्करानं मोडीत काढलेल्या जुन्या बंदुकांचा.

नाद लागला तो एका निवडणुकीच्या पायी. आचारसंहिता लागली की गावोगावच्या शेतराखणीच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मतमोजणी झाली की परत मिळतात. मास्तरांना त्या वर्षी निवडणुकीची ड्यूटी होती. काही कागद द्यायला म्हणून ते रोह्याच्या ठाण्यात गेले, तर कोपऱ्यात, ओल आलेल्या फरशीवर, सुतळीनं मोळ्या बांधून बंदुका ठेवलेल्या. गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या. रांगेत उभा होता महिपती, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावाच्या पलीकडचा भात आणि वाल लावणारा शेतकरी. त्याच्या हातात त्याची बंदूक आली. आजोबांनी पोलिसांच्या लिलावात घेतलेली. आधी लष्कराची, मग पोलिसांची, मग रानडुकरांची. नळी अशी लाल, जणू तिला पुरळ उठलंय.

"अरे, हिला मारलं कुणी?" मास्तर कळवळून म्हणाले.

"मतदारांनी," महिपती म्हणाला.

त्या बंदुकीची नळी मास्तरांनी घरी आणून, महिपतीला समोर बसवून, साफ केली. पुढं महिपतीनं हलकी बंदूक घेतली तेव्हा ही जुनी रीतसर मास्तरांच्या लायसनवर आली. "तुमीच ठेवा मास्तर," तो म्हणाला होता, "डुकरं हिला बघून हसत्यात."

मग एकेक येत गेल्या. लायसनवर दोन. बाकीच्या नळीत वेल्डिंग करून कायमच्या मुक्या केलेल्या, भिंतीवर. मास्तरांना शिकार नको होती, बार काढणं नको होतं. घरात एक काडतूस त्यांनी कधी येऊ दिलं नाही. त्यांना हवं होतं ते एवढंच, की गंज जिंकू नये. पेणसारख्या गावात, जिथं पापडसुद्धा डब्यात मऊ पडतो, तिथं हा माणूस शंभर वर्षांचं लोखंड कोरडं ठेवायला बसला होता.

आणि त्यासाठी त्यांना बायकोचे हात लागले. पद्मजाचे हात कोरडे. जुन्या पंच्यांचे हातमोजे तिनं शिवले. लाकडाला जवसाचं तेल, लोखंडाला शिलाई मशीनचं, हे ती शिकली. दोन्ही लायसनच्या बंदुका काचेच्या कपाटात, कपाटात सदा पेटता एक साधा पिवळा बल्ब, आणि तळाशी वाटीत ओल पिणारे निळे खडे. ओल पिऊन ते गुलाबी झाले की पद्मजा ते लोखंडी कढईत परतून पुन्हा निळे करायची. शौनक, त्यांचा मुलगा, लहानपणी मित्रांना ऐटीत सांगायचा, "आमच्याकडे शेंगदाणे नाही, खडे भाजतात." दसऱ्याला हळदकुंकू वाहायचं ते शेजारच्या कागदावर. झेंडूचं फूलही दूरच. "पूजा झाली की देवी निघून जाते," मास्तर म्हणायचे, "ओल मागं राहते."

तिला बंदुकांचं प्रेम होतं का? विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. पण स्वयंपाकघरातून त्या बल्बचा पिवळा चतकोर दिसला की तिला घरात माणूस आहे असं वाटायचं.

आषाढातल्या एका दुपारी मास्तर गेले.

त्या दुपारी मिक्सर चालू होता. ओल आत शिरू नये म्हणून मास्तर बंदुकांच्या खोलीचं दार ओढून घेऊन आत काम करत बसले होते. महिपती पिशवीभर वाल घेऊन आला, ओल्या चपला पायरीवर काढून उभा राहिला. पद्मजानं मिक्सर थांबवला, "बसा, हाक मारते," म्हणाली आणि दार ढकललं. ते अर्धंच उघडलं. मागं मास्तर पडले होते. नंतरचं तिला फक्त त्यांचा चेहरा आठवतो. खोलीत काय कुठं होतं, महिपतीनं काय उचललं, काय ठेवलं, शेजारी कधी आले, काही नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणात संपलं असेल.

दिवस झाले, पाहुणे पांगले. शौनक आणि ईरा, सून, पुण्याला परत गेली. ठाण्यातले हवालदार हैबतराव स्वतः येऊन सांगून गेले, "वहिनी, लायसनवाल्या दोन बंदुका आमच्याकडं जमा कराव्या लागतील. घाई नाही. पण गणपतीचा बंदोबस्त लागायच्या आत आणा." शौनकनं फोनवर सांगून टाकलं की त्याला लायसन नको, एका रविवारी येतो, देऊन टाकू.

त्या संध्याकाळी पद्मजानं कपाटाकडं नीट पाहिलं. गर्दीत कुणीतरी बल्ब बंद केला होता. दिवसा दिवा कशाला, असं वाटलं असेल कुणाला. वाटीतले खडे गुलाबी पडले होते. तिनं बल्ब लावला, खडे परतायला काढले. आणि महिपतीच्या आजोबांच्या बंदुकीवर, नळीच्या तोंडापासून वीतभर खाली, तिला एक डाग दिसला. चिंचोक्याएवढा, तांबूस.

आला असेल कुणा पाहुण्याचा हात, असं म्हणून तिनं कपाटाला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. खोलीचं दार मात्र तिनं सताड उघडं ठेवलं, भिंतीला टेकवून. ते दार ओढून घ्यायची तिची छाती नव्हती.

सकाळी त्या डागाखाली दुसरा होता.

मग तिसरा. मग त्याच्याही खाली चौथा, एका ओळीत, एकमेकांना चिकटून. आणि नळीच्या दुसऱ्या बाजूला, वरच्या अंगाला, एक रुंद, लांबट. कपाट बंद. किल्ली तिच्याजवळ. तिनं कुलूप ओढून पाहिलं, काचेच्या फटी पाहिल्या. बाहेरून कुणी आत जात नव्हतं. डाग मात्र रोज गडद होत होते. कुणीतरी नळी मुठीत धरली होती आणि ती मूठ हळूहळू लोखंडाच्या आतून वर येत होती.

कामाला येणाऱ्या गोदूबाईनं ते पाहिलं आणि फडकं बादलीत टाकलं.

"मी त्या खोलीत पाय ठेवनार नाय गो बाई."

"अगं, गंज आहे तो."

"गंजाला बोटं असत्यात व्हय?" गोदूबाईनं पदर तोंडाला लावला. "ती बंदूक पयली कोना शिपायाची, कुटं मेला तो, ठाव हाय तुमाला? ज्याची वस्तू तो इचारायला येनारच. देऊन टाका. आन तवर हितं एकट्या जेवू नका, माझ्यासंगती जेवा."

पद्मजा हसली. पण त्या दिवसापासून दोघी एकत्र जेवायला लागल्या, आणि पानावर बसताना पद्मजाची पाठ त्या खोलीकडं नसायची.

खोलीच्या खिडकीतून शेजारचा गणपतीचा कारखाना दिसतो. श्रावण जवळ आला की तिथं फळ्यांवर ओळीनं मूर्ती बसतात, रंगवलेल्या, सजवलेल्या, फक्त डोळे नसलेल्या. डोळे शेवटी. एरवी त्यांच्याकडं पाहायचं तिच्या मनातही आलं नसतं. आता तिला वाटायचं, ते सगळे कपाटाकडं तोंड करून, डोळे मिळायची वाट बघत बसलेत.

डोळे आखायचं काम निशिगंधाचं. पद्मजानं तिच्याकडून भिंग मागून आणलं.

"काकू, सुईत दोरा ओवायचाय का?"

"तसंच काहीसं."

दुपारची वेळ. पाऊस थांबलेला, पागोळ्याही थांबलेल्या. तिनं हातमोजे चढवले, कपाट उघडलं आणि वरच्या रुंद डागावर भिंग धरलं. डाग नव्हताच तो. त्यात रेषा होत्या. बारीक, वर्तुळाकार, एकीत एक. शेवयांसारख्या रेघा. आणि त्या सगळ्या रेषा तोडून आडवी गेलेली एक कोरी, गंज न लागलेली चीर.

लहानपणी सुपारी कातरताना अडकित्त्यात सापडलेला अंगठा. लग्नात हातात हात दिला तेव्हा तिच्या बोटांना पहिली ती चीर लागली होती.

"अहो," ती म्हणाली. मोठ्यानं. आणि मग स्वतःच्याच आवाजानं दचकली, कारण खोलीत कुणी ओ देईल असं तिला खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या कुणाच्या बायकोनं हे पहिल्या दिवशी ओळखलं असतं. पद्मजानं ओळखलं नाही, कारण इतक्या वर्षांत त्या माणसानं या लोखंडाला उघडा हात लावलेला तिनं पाहिलाच नव्हता. परकं माणूस, मेलेला शिपाई, सगळं मनात आलं. नवरा आला नाही.

आता भीती गेली असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही, उलट वाढली. का धरली? हातमोजे तर टेबलावर होते, एकावर एक, नीट. मोजे काढून, नियम मोडून, नळीच्या तोंडाजवळ मूठ आवळून त्या शेवटच्या घटकेला काय करत होते हे? घरात काडतूस नाही. तिला ठाऊक होतं. तरी नको तो विचार आला, आणि ओलीसारखा आत येऊन बसला. निवृत्तीनंतर गप्प गप्प असायचे. त्या सकाळी चहा अर्धा टाकला होता. आपल्याला कळलं नाही असं काही होतं का?

डाग पुसणं हातचं काम होतं. तेलाचा थेंब, लोखंडाची मऊ लोकर, हलक्या हातानं चार फेर. नाही पुसला तर तो मूठभर गंज नळी खाईल, आणि ठाण्याच्या कोठीत गेल्यावर तर संपलंच. पुसला तर हात जाईल. आणि तो हात काय सांगत होता ते कळायच्या आधी तिला तो पुसता येत नव्हता. रोज तेलाची बुधली काढायची आणि रोज परत ठेवायची.

शौनकचा फोन आला. "आई, या रविवारी येतो. तयार ठेव."

"या रविवारी?"

"अगं, किती दिवस त्या खोलीकडं बघत बसणार आहेस? ईरा म्हणते, आवाज उतरलाय तुझा."

मागून ईराचा आवाज आला, "आई, मी पण येते. आणि डाळिंब्यांची उसळ करा, तेवढीच कामात राहाल."

गुरुवारी महिपती आला. रोह्याहून गाडीनं येऊन, स्टेशनापासून चालत. भिजलेला, हातात लांब दांड्याची काळी छत्री. मास्तर नसताना यायला त्याला अवघड वाटत होतं हे दिसत होतं. ओटीवर चहा झाला, भात कसाय, महिपतीचा मुलगा सुशील कुठल्या शिफ्टला आहे, सगळं झालं. बंदुकीचं नाव कुणी काढेना. शेवटी, "निघतो वयनी," म्हणून तो उठायला लागला. खुर्ची त्यानं घेतली नव्हती, पायरीवर बसला होता. गुडघे ऐकेनात. त्यानं छत्री उभी रोवली, तिचा दांडा वरच्या टोकाशी मुठीत आवळला, चार बोटं पलीकडून एकाखाली एक, अंगठा अलीकडून वर, आणि सगळा भार तिच्यावर टाकला.

"थांबा," पद्मजा म्हणाली. "महिपती, थांबा. तसेच थांबा."

"आवं वयनी, गुडघं मोडत्याल माजं!"

"थांबा हो!"

ती त्याच्या मुठीकडं बघत राहिली. मग धावत आत गेली आणि ओरडली, "इकडं या. आत या." महिपती घाबरून छत्री टेकत आत आला. तिनं कपाट उघडलं. त्यानं बंदूक पाहिली, डाग पाहिले. मग आपल्या हाताकडं पाहिलं.

"मास्तरांचा हात," तो म्हणाला.

"त्या दिवशी ही कुठं होती?"

"ही? दाराशी. दस्ता जमिनीला, नळी भिंतीला टेकलेली. मास्तर खाली." तो आठवत आठवत बोलत होता. "कपाट उघडं हुतं. खुर्ची तिकडं, पालथी. मी म्हनलं मान्सं येतील, पोरंसोरं हात लावतील, म्हनून उचलून कपाटात ठेवली. माज्या टावेलात धरून हां. मास्तरांचा नेम."

पद्मजानं खोली मोजल्यासारखी पाहिली. तिकडं खुर्ची. मग कपाट. मग दार. दाराच्या पलीकडं स्वयंपाकघर.

"म्हणजे चालत आले."

"तिच्या आधारानं आलं. उठवंना असंल, तर हाताला लागली ती धरली. काठी केली हिची." महिपतीनं नाक ओढलं. "तुमच्याकडं निघालं हुतं, वयनी. आनखी कुटं जातील?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंच नाय. मला वाटलं, तुमी बगितलं."

तो गेल्यावर ती बराच वेळ कपाटासमोर बसून होती. मिक्सर चालू होता, हे तिनं स्वतःला एकदा सांगितलं आणि मग ते तिथंच ठेवलं. शेजारी कारखान्यात दिवे लागले.

शनिवारी तिनं काम काढलं. आधी उजव्या हातातला मोजा काढला. नळीवरच्या हातावर आपला हात ठेवला, बोटावर बोट, अंगठ्यावर अंगठा. तिचा हात लहान. तिच्या बोटांच्या पुढं त्यांची बोटं थोडी थोडी बाहेर राहिली. लोखंड गार असायला हवं होतं. बल्बमुळं असेल, पण कोमट होतं, आणि तिला वाटलं की आपण हात काढला तरी खालचा हात सोडणार नाही.

तिनं हात काढला. मोजा चढवला. तेल, मऊ लोकर, हलके फेर. करंगळी गेली, मग शेजारचं बोट. अंगठा तिनं शेवटी घेतला. चीर सगळ्यात उशिरा गेली. ज्या लोखंडानं त्यांना दारापर्यंत आणलं, त्याला गंजू देणं तिला जमणारं नव्हतं. त्यांनाही चाललं नसतं.

रविवारी शौनकनं दोन्ही बंदुका ठाण्यात नेल्या, ती आणि ईरा बरोबर. हैबतरावांनी नळी उजेडात धरायला हात पुढं केला, तशी पद्मजानं पिशवीतून मोज्यांचा जोड काढला. "हे घाला आधी." हवालदार हसले, आजूबाजूला पाहिलं आणि मुकाट्यानं मोजे घातले. "नवी वाटते हो," ते म्हणाले. निघताना तिनं मोजे परत मागितले नाहीत.

संध्याकाळी मुलं पुण्याला निघाली. त्यांना निरोप देऊन पद्मजा घरात आली तेव्हा कपाट रिकामं होतं. तिनं बल्ब बंद केला. आता ते दार ओढून घ्यायची भीती उरली नव्हती. महिनाभर भिंतीला टेकून असलेलं ते दार तिनं हातानं ओढलं आणि आत उभी राहून लावून घेतलं.

दाराच्या आतल्या बाजूला ओढायची लोखंडी कडी आहे. भिंतीकडं तोंड करून होती, इतके दिवस कुणी पाहिली नव्हती. त्या कडीवर चार बोटं होती. आणि खाली अंगठा, आडव्या चिरेसकट. लालभडक, ताजी, जणू आत्ताच कुणी दार उघडायला हात घातलाय.

कारखान्यातून कुणीतरी निशिगंधाला हाक मारत होतं. पलीकडं स्वयंपाकघरात गोदूबाई भांडी लावत होती. "बाई, आत कोन हाय?" तिनं विचारलं.

पद्मजानं सवयीनं उचललेली तेलाची बुधली परत फळीवर ठेवली. ती बोटं झाकली जाणार नाहीत अशा बेतानं कडीच्या टोकाला धरून तिनं दार उघडलं.

"कुणी नाही गं," ती म्हणाली. "पान वाढ."

ती कडी अजून तशीच आहे. तिला तेल लावत नाहीत.